माझ्या दीड एकरातला मावा

नायगाव, मुंबई
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

विकासदादा,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचा पत्ता तुझ्या भाचीकडून, श्रेयाकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडता चुलीत घातलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. हक्कसोडपत्राबद्दल यात काही नाही. आबांच्या जमिनीवरचा माझा हक्क सोडते असं लिहिलेल्या त्या कागदावर मी तीन वर्षांपूर्वी सही केली नाही, आजही करणार नाही. तो विषय तिथेच ठेव. हे पत्र माव्याबद्दल आहे.

आपल्या ज्वारीवर मावा पडलाय. मला कसं कळलं ते विचारू नकोस. तू त्या हिरव्या ॲपवर पानाचा फोटो टाकलास आणि ॲपने कळवलं असणार, ‘प्रादुर्भाव तीव्र, ताबडतोब फवारणी करा.’ त्याच्याच खाली औषध मागवायचं बटण. औषध घरी यायला चार-पाच दिवस लागतात. त्याआधी पत्र पोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतेय. फोनच केला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस, आणि राधावहिनीच्या फोनवर केला की तिला बोलणी बसतात.

दादा, त्या ॲपच्या आकड्यावर जाऊ नकोस. तो आकडा कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तो आमच्याकडून जातो.

हिंदमाताच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करायचे ते काम कमी झालं हे तुझ्या कानावर आलं असेल. जूनपासून मी लोअर परळला जाते. जुन्या मिलच्या आवारात एक गाळा आहे, वर एसी, खाली चहाची टपरी. आम्ही चौदा बायका. समोर स्क्रीन, हातात माऊस. शेतकऱ्यांनी पाठवलेले ज्वारीच्या, गव्हाच्या, मक्याच्या पानांचे फोटो येतात. पानावर जेवढा मावा दिसेल तेवढे टिपके द्यायचे. आमच्या टिपक्यांवरून मशीन शिकतं, आणि जिथे मशीनला उमगत नाही तिथे आमचाच आकडा शेतकऱ्याला जातो. काम तुला हसण्यासारखं वाटेल. पण पंचवीस वर्षं साडीच्या काठावर बारीक टाके घातलेली नजर आहे, चुकत नाही.

सुरुवातीला आम्हाला पंधरा दिवस शिकवलं. एक मॅडम यायच्या, कीटकशास्त्र शिकलेल्या. त्यांनी पडद्यावर एकेक मावा मोठा करून दाखवला. जिवंत मावा पिवळट असतो, पाय रोवून पानाला चिकटलेला. पांढरं, कोरडं, भुशासारखं दिसतं ती त्याने टाकलेली कात. आणि एखादा फुगून तपकिरी झालेला असतो, भाजलेल्या राजगिऱ्यासारखा. तो मेलेला. मुंगीहून बारीक एक माशी त्याच्या अंगात अंडं घालते, आतून अळी त्याला खाते आणि पाठीला भोक पाडून माशी बाहेर पडते. मॅडम म्हणाल्या होत्या, “कात आणि मेलेला मावा मोजायचा नाही. मेलेले जास्त दिसले तर खूश व्हायचं, निसर्ग आपलं काम करतोय.”

मॅडम ऑगस्टनंतर आल्या नाहीत. या डिसेंबरच्या दोन तारखेला नवीन हुकूम आला की कात असो, मेलेला असो, सगळ्याला टिपका द्यायचा. त्या दिवसापासून आकडा दुप्पट जातो. कधी तिप्पट.

म्हणून सांगते, स्वतः मोज. कडेच्या ओळी बघून घाबरू नकोस, मावा आधी कडेलाच बसतो. आत शिर. नागमोडी चाल, पाच ठिकाणी थांब, प्रत्येक ठिकाणी चार ताटं घे आणि पान उलटं करून बघ. लाल पाठीचे ढालकिडे आहेत का ते बघ. काळी, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर चिरडू नकोस, ती ढालकिड्याचीच पोर आहे, दिवसाला पन्नास-पन्नास मावा खाते. आठ दिवसांनी पुन्हा मोज. आकडा चढतोय की उतरतोय ते बघ, आणि मग ठरव.

आता शेवटचं. तीन एकरातलं दीड एकर अजून माझ्या नावावर आहे. विहिरीकडचं तू कसतोस तसं कस. ओढ्याकडचं दीड एकर माझं. तिथे मला विचारल्याशिवाय फवारायचं नाही.

सीमा

नायगाव
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

दादा,
जय भीम.

तुझा फोन आला. मला नाही, श्रेयाच्या बाबांना. ते प्रभादेवीला ड्यूटीवर होते. बिल्डिंगच्या गेटवर उभं राहून त्यांनी तुझ्या शिव्या ऐकल्या आणि घरी येऊन मला जशाच्या तशा सांगितल्या. “तुझा भाऊ म्हणाला, शेत कसणारा मी, घाम माझा, आणि ही मुंबईत एसीत बसून मला मावा शिकवणार?” मग त्यांनी पाणी पिऊन पुढचं सांगितलं. तू वहिनीला चोर ठरवलंस. घरातल्या बातम्या पुरवते म्हणून तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीस.

वहिनीने मला काही सांगितलेलं नाही. गेल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. ती लपवली नसती तर तिच्यावर हे आलं नसतं.

मंगळवारी, दहा तारखेला, माझ्या स्क्रीनवर एक फोटो आला. वर फक्त ‘मंगळवेढा, ज्वारी’ एवढंच लिहिलेलं असतं, नाव नसतं. पान उलटं धरलेला डावा हात होता. अंगठ्याला नख नव्हतं. कडबा कापायच्या यंत्रात गेलेला तो अंगठा आहे, दादा. तेव्हा मी नववीत होते, दिवाळीच्या सुट्टीत गावी आले होते, आणि माझ्या ओढणीत तो हात गुंडाळून आपण दवाखान्यात गेलो होतो. मी तो अंगठा कुठेही ओळखेन.

तीन वर्षांनी तुझा हात बघितला आणि मी काय केलं सांगू? टिपके दिले. सत्तेचाळीस. त्यातले जिवंत सतरा होते. बाकी कात आणि मेलेले. हुकूम तसा होता, आणि मागचे आठ दिवस मी सगळ्यांच्या पानांवर तेच केलं होतं. बाकीच्या बायका कुरकुरत होत्या तेव्हा मीच त्यांना म्हणाले होते, “आपल्याला काय करायचंय, टिपके देऊन मोकळं व्हा.” तुझा फोटो पुढे सरकला आणि पुढचा आला. त्यातही कुणाचातरी हात होता.

हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून ‘विचारू नकोस’ लिहिलं. आता वहिनीशी नीट बोल. तिची माफी माग असं म्हणणार नाही, तू मागणार नाहीस. पण बोल.

दुसऱ्या दिवशी तुला पत्र टाकून मी गाळ्यावर गेले आणि हितेंद्रसमोर उभी राहिले. हितेंद्र आमचा सुपरवायझर, तिशीचा, लालबागचाच, वाईट नाही. मी म्हटलं, “मी मेलेला मावा मोजणार नाही.”

“ताई, वरून आलंय.”

“वरच्यांना कळत नसेल. मॅडमनी शिकवलेलं मी सांगते त्यांना.”

“त्यांना कळतं.” तो इकडेतिकडे बघून हळू बोलला. “ताई, जास्त दाखवलं तर शेतकरी सेफ. कमी दाखवलं आणि पीक गेलं तर आपल्यावर येणार.”

“आणि नको असताना फवारलं तर? ढालकिडे मरतात, मधमाश्या मरतात. तोच कडबा जनावरं खातात.”

“तुम्ही टिपके द्या ना ताई. कशाला डोक्याला ताप?”

त्या दिवसापासून मी जिवंतालाच टिपका देते. रोज संध्याकाळी प्रत्येकीचा अचूकतेचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर लागतो. माझा कायम नव्वदच्या वर असायचा. आता लाल रंगात एकेचाळीस. लागू दे.

तुझ्या फोनमधली आणखी एक गोष्ट श्रेयाच्या बाबांनी सांगितली. तू विहिरीकडच्या दीड एकरात फवारलंस आणि माझ्या बाजूला पंपाचं नळकांडंही नेलं नाहीस. मधे काठ्या रोवल्यास, त्यांना आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्यास, आणि म्हणालास, “तिकडचं तिचं. खाऊ दे माव्याला. मग बघतो कसला हक्क सांगते.”

चालेल. हेच मी मागितलं होतं. तू रागाने दिलंस म्हणून मी परत करणार नाही.

मला एकच कर, किंवा करू नकोस, फक्त आडवा येऊ नकोस. वहिनीला दर आठवड्याला माझी बाजू मोजू दे. चोरून नाही, तुझ्यासमोर. आकडे ती मला फोनवर सांगेल आणि तू शेजारी बसून ऐक.

सीमा

नायगाव
रविवार, ५ जानेवारी २०२५

दादा,
जय भीम.

वहिनी म्हणाली, पहिल्यांदा ती मोजायला निघाली तेव्हा तू खाटेवरून उठला नाहीस, पण ती वही विसरली तर हाक मारून दिलीस. एवढं पुरे.

आकडे चांगले नाहीत, ते तुलाही माहीत आहे. पहिल्या मोजणीत पानामागे वीस-बावीस, दुसरीत अडतीस. नाताळच्या आठवड्यात आभाळ भरून राहिलं आणि मावा वाढला. कडेच्या ओळींत खालची पानं चिकट्याने चकचकीत झालीत, काही ठिकाणी काळी बुरशी चढलीय. तुझी बाजू मात्र स्वच्छ. येणारा-जाणारा काठ्यांच्या दोन्हीकडे बघून हसतो म्हणे. परवा पारावर कुणीतरी विचारलं, “विकास, हे निम्मं आजारी का रे?” आणि तू म्हणालास, “ते मुंबईचं आहे.”

मला हसू आलं, आणि नंतर धास्तीही वाटली. खोटं कशाला बोलू? इथे बसून ‘फवारू नको’ लिहिणं सोपं आहे. पीक गेलं तर गावात मान खाली तुझी जाईल, आणि मला तर तोंडच उरणार नाही. दोन दिवस मी सारखी फोन हातात घेत होते. वहिनीला म्हणावं, घाल बाई औषध, हरले मी.

केला नाही फोन. आधी विचारलं, पाठीला भोक असलेले किती? अळ्या किती? ती म्हणाली, “तपकिरी फुगलेले लय दिसतात आता. आन् त्या काळ्या अळ्या पानापानाला दोन-तीन.” तेव्हा मी तिला कृषी सहायकाला शेतात बोलवायला सांगितलं. ते आले, तू बांधावर उभा होतास हे मला कळलंय. ते काय म्हणाले तेही तू ऐकलंस. सगळं शेत फवारायची गरज नाही, कडेच्या सहा ओळींवर निंबोळी अर्क मारा, चिकटलेली खालची पानं काढून टाका, युरिया देऊ नका, आणि आठ दिवस थांबा. शेत खाणाऱ्यापेक्षा माव्याला खाणारे वाढले की गाडी उलटी फिरते.

वहिनी आणि सुंदराबाईने मिळून त्या सहा ओळी केल्या. शेजारच्या म्हातारीला पाठीवर पंप घेऊन उभं केलं म्हणून तू बडबडलास आणि शेवटी पंप तूच भरून दिलास म्हणे. तू दिलास. माझ्या बाजूसाठी. मी काही बोलत नाही, फक्त लिहून ठेवते.

आता गाळ्यावरचं ऐक, कारण ते संपलं.

माझा लाल आकडा बघून अपेक्षाने विचारलं. अपेक्षा आमच्यातली सर्वांत लहान, तेवीस वर्षांची, काळाचौकीला राहते, घर तिच्या पगारावर चालतं. मी तिला तुझ्या अंगठ्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिचाही आकडा लाल. मग तिसरीचा. शुक्रवारपर्यंत आम्ही दहा जणी लाल होतो. चौघींनी नाही केलं, त्यांचं त्यांना माहीत, मी त्यांना नावं ठेवत नाही.

शुक्रवारी वरच्या ऑफिसातले साहेब खाली आले. गोड बोलले. आम्ही सगळ्या एक कुटुंब आहोत म्हणाले. मग म्हणाले, “कुणातरी एका ताईंचा गैरसमज झालाय आणि त्यांनी बाकीच्यांचाही केलाय.”

मी उठले. “ती मीच. साहेब, एक फोटो मोठ्या पडद्यावर लावू का?”

हितेंद्रने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि फोटो लावला. ते त्याने केलं हे मी विसरणार नाही. गव्हाची ओंबी होती, तिच्यावर पंधरा-वीस ठिपके.

“यातला जिवंत कुठला ते दाखवा,” मी म्हटलं.

साहेब हसले. पुढे झाले आणि बोट ठेवलं. “हा काय. हा.”

“साहेब, त्याच्या पाठीला भोक आहे. आतली माशी उडूनसुद्धा गेली.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. म्हणाले, “शेतकरी काय भोकं बघत बसणार आहे का? त्याला हो की नाही, एवढंच हवं असतं.”

“मग नाही सांगा. जिथे नाही आहे तिथे नाही सांगा.”

“तुम्हाला इथे टिपके द्यायचा पगार मिळतो, सल्ला द्यायचा नाही.”

मी म्हटलं, “माझा टिपकाच तुमचा सल्ला आहे. तो खोटा देणार नाही.”

संध्याकाळी हितेंद्रने खाली टपरीपाशी गाठून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. त्याला सांगता येत नव्हतं, मीच त्याला चहा पाजला.

सीमा

नायगाव
बुधवार, २२ जानेवारी २०२५

दादा,
जय भीम.

पुन्हा हिंदमाताला लागलेय. सकाळी अकरा ते रात्री आठ. लग्नसराई आहे, तेवढीच.

गाळा बंद झाला. एकट्या माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. उरलेल्या नऊच्या नऊ जणी सोमवारी कामाला बसल्या आणि मेलेल्यावर टिपका दिला नाही. आठवड्याने स्क्रीन काढून नेले. काम दुसऱ्या शहरात गेलं म्हणतात. ॲप चालूच आहे, आता दुसरं कुणी टिपके देतं. म्हणजे मी काय मिळवलं, असं तू विचारशील. अपेक्षानेही विचारलं. दुकानाबाहेर भेटली. मी हात धरायला गेले तर तिने काढून घेतला.

“ताई, तुमचं शेत होतं म्हणून तुम्ही भांडलात. आमचं काय होतं?”

दादा, तिला मी उठवलं नव्हतं, ती आपणहून उठली, हे खरं. पण ते तिला कसं तोंडावर सांगायचं? साडीला फॉल लावता लावता दिवसभर तिचं वाक्य कानात होतं. चूक केली असं मला अजून वाटत नाही. उद्या पुन्हा तोच फोटो आला तर पुन्हा तेच करीन. फक्त या वेळी आधी अपेक्षाच्या घरचा विचार करीन, आणि तिला आधी विचारीन.

आता तुझ्या-माझ्याकडे येते.

तिसरी मोजणी, अठ्ठावीस. चौथी, काल केलेली, नऊ. वहिनी फोनवर ओरडलीच. म्हणाली, पानं उलटली की लाल किडेच किडे, आणि मावा शोधावा लागतो. कडेच्या ओळी थोड्या गेल्या, कणसं बारीक भरतील, ते मला कबूल आहे.

आणि तुझ्या बाजूला, दादा, मावा परत आलाय. औषधाने महिनाभर दिसला नाही, पण त्याच औषधाने त्याला खाणारेही संपले. आता जो आलाय त्याला अडवायला कुणी नाही. वहिनीने त्याचा आकडा सांगितला नाही. तू शेजारी बसला होतास आणि तूच म्हणालास, “सांग तिला, चव्वेचाळीस.” फोनवर मला तुझा आवाज ऐकू आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आवाज बसलाय तुझा, तंबाखू कमी कर.

ॲपने दुसरी फवारणी सांगितली असेलच. ती करायची की नाही हे तुझं. तुझ्या दीड एकरात मी बोलणार नाही, जसं माझ्यात तू बोलू नयेस.

पण एक गोष्ट कळलीय ती बोलल्याशिवाय राहवत नाही. रविवारी सकाळी सुंदराबाई शेण टाकायला गेली तेव्हा तू माझ्या बाजूला वाकून काहीतरी तोडत होतास. तिला वाटलं, हुरड्याची कणसं. जवळ गेली तर तू अळ्यांनी भरलेली पानं खुडून घमेल्यात ठेवत होतास, हळूच, अंडी उचलावीत तशी. आणि चिंध्यांच्या पलीकडे नेऊन तुझ्या ताटांवर एकेक अडकवत होतास. तिला बघून म्हणालास, “कुणाला सांगू नको.” तिने अख्ख्या गावाला सांगितलं.

माझ्या हिश्श्यातले किडे नेलेस. विचारलं असतंस तर दिले असते. ने, हवे तेवढे ने.

सीमा

नायगाव
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

दादा,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन नाव वाचून थांबला, म्हणाला, “गावाहून आलंय, ताई.” मी जिन्यातच उभी राहून फोडलं.

पाच ओळी लिहिल्यास. ज्वारी निघाली. दुसरी फवारणी केली नाहीस. तुझी रास आणि माझी रास जवळपास सारखी, माझी बसली तर अर्धं पोतं कमी. माझ्या बाजूचा कडबा बैल आवडीने खातात, तुझ्या कडब्याला चिकटा लागल्याने आधी नाक मुरडतात. आणि शेवटची ओळ, ‘तुझी रास वेगळी ठेवली आहे. येऊन ने. सहीचं परत काढणार नाही.’

ती ओळ श्रेयाच्या बाबांनी तीनदा वाचली. मग मला म्हणाले, “रडायचं असेल तर रड, दुकानाला उशीर होतोय.”

मी आता सांगायचं ते सांगते. सही मी करणार नाही, तू मागितलीस तरी आणि नाही मागितलीस तरी. आबांनी मिलमध्ये तीस वर्षं काढून ते तीन एकर घेतले आणि सात-बाऱ्यावर दोन नावं लावली. परळची त्यांची खोली विकून तुझी विहीर झाली तेव्हा मी तोंड उघडलं नाही. त्याचा अर्थ मी काही मागणार नाही असा तू घेतलास, आणि मीही तो घेऊ दिला. ते चुकलं माझं. हक्क सोडायचा नसेल तर कामही सोडायचं नाही. म्हणून येत्या शनिवारी मी येतेय, आणि नुसती रास न्यायला नाही. पुढच्या रब्बीला माझ्या दीड एकरात काय पेरायचं, कधी पेरायचं ते मी ठरवणार. कसणार तू, कारण मला जमणार नाही, आणि कसणाऱ्याचा वाटा तू घ्यायचा. मोजणार वहिनी. भांडायचं असेल तर बांधावर उभं राहून समोरासमोर भांडू, तीन वर्षांचं बाकी आहे.

पत्राबरोबर तू कागदात गुंडाळून जे पाठवलंस ते पोचलं. सीतारामकाकांच्या उशिरा पेरलेल्या गव्हाची तीन पानं आणि दोन ओंब्या. ‘ॲप फवारा म्हणतं. काका विचारतात, फवारू का? तू बघून सांग.’

दादा, पाकिटात चार दिवस प्रवास केलाय त्यांनी. आता सगळेच मेलेत. पण खुडताना कोण जिवंत होतं ते अजून कळतं. आधी मेलेल्याची पाठ फुगलेली आणि कडक राहते, पाकिटात मेलेला सुकून चपटा होतो.

तरीही एकटीने सांगायचं नाही असं ठरवलं. पाकीट घेऊन काळाचौकीला गेले. अपेक्षा आता लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते, नुकतीच घरी आली होती, पाय दुखत होते तिचे. मला दारात बघून तिने पंखा लावला नाही, बसही म्हणाली नाही. मी जमिनीवर पेपर पसरला, त्यावर पानं ठेवली आणि म्हटलं, “या काकांना मी ओळखते. त्यांचा गहू आहे. मला नऊ दिसतात, तुला किती?”

ती पेपरपाशी आली. मग मोबाइलचा टॉर्च लावून खाली बसली. दोघी डोकं जोडून बघत होतो. ती म्हणाली, “सहा, ताई. ते तीन आधीच गेलेत. हा बघा, भोक आहे.” तिचं बरोबर होतं. तिची नजर माझ्याहून तेज आहे.

उठताना ती म्हणाली, “पुढचं पाकीट आलं तर इकडेच आणा. पण काकांना सांगा, फुकट नाही हं. हुरडा पाठवायचा.” मी म्हटलं, आता हुरडा संपला. “मग गहू,” ती म्हणाली आणि पंखा लावला.

तेव्हा सीतारामकाकांना सांग. तीन पानं, दोन ओंब्या मिळून जिवंत सहा. फुटव्यामागे दहा झाले तरच फवारायचं, हे त्याच्या कितीतरी आत. तीन माशीने संपवलेले, म्हणजे माशी शेतात आली आहे. फवारू नका. पण दोन ओंब्यांवरून अख्ख्या शेताचं सांगता येत नाही, म्हणून चार दिवसांनी आत शिरून स्वतः मोजा, आणि मोजता नाही आलं तर वहिनीला बोलवा, ती आता शिकलीय. आमचा आकडा चुकला तर आमच्या नावाने बोंब मारा, आम्ही इथेच आहोत. ॲपसारखं आम्हाला बंद करता येत नाही.

खाली सात-बाऱ्यावरचं पूर्ण नाव लिहिते. कुणी विचारलं, हे कुणी सांगितलं, तर दाखव.

सीमा भिवा सरवदे
मोजणीस सोबत : अपेक्षा, काळाचौकी